मेकॅट्रॉनिक्स म्हणजे नेमकं काय हो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं ऑटोमेशनचं काम आहे, म्हणजे जुन्या मशीनला नवीन ड्राइव्ह (मोटर ताब्यात ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स) नि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) बसवायचे, एखादं एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठीचं खास मशीन, बनवायचं, आणि रात्री फोन आला की ब्रेकडाऊनला पळायचं. दरवर्षी बारावीचे आणि डिप्लोमाचे निकाल लागले की नात्यातले, सोसायटीतले, जुन्या कंपनीतले सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही पोरांचे, आणि दोन-तीन असे आहेत जे मला कोणी विचारत नाही पण विचारायला हवेत.

मेकॅट्रॉनिक्स म्हणजे नक्की काय?

घरातलं वॉशिंग मशीन घ्या. जुन्या मशीनमध्ये ते कर्रर्र करत फिरणारं टायमरचं बटण असायचं, आत प्लॅस्टिकचे कॅम, कॅम फिरला की कॉन्टॅक्ट दाबायचा, मोटर चालू, मोटर बंद. कपडे दोन असोत की वीस, त्याला काही देणंघेणं नाही. आताचं मशीन आधी ड्रम थोडा हलवून बघतं, मोटरवर किती लोड येतोय त्यावरून कपड्यांचा अंदाज घेतं, पाणी तेवढंच घेतं, आणि स्पिनच्या वेळी ड्रम एका बाजूला धडधडायला लागला की वेग कमी करून कपडे पसरवतं आणि परत प्रयत्न करतं. म्हणजे यंत्राला आपली स्वतःची अवस्था कळते आणि त्याप्रमाणे ते वागणं बदलतं. यंत्र, सेन्सर, मोटर आणि प्रोग्राम हे चौघं पहिल्या दिवसापासून एकत्र विचार करून बनवले असतील तर ते मेकॅट्रॉनिक्स. यंत्र बनवून झाल्यावर वरून इलेक्ट्रॉनिक्स चिकटवलं असेल तर ते नुसतं जुगाड, आणि खरं सांगायचं तर आमच्या धंद्याचा अर्धा भाग हे जुगाडच आहे.

हे नाव कोणी काढलं?

जपानच्या यास्कावा कंपनीतले तेत्सुरो मोरी म्हणून इंजिनिअर होते, त्यांनी १९६९ साली. मेकॅनिझममधलं मेका आणि इलेक्ट्रॉनिक्समधलं ट्रॉनिक्स. यास्कावा मोटर आणि ड्राइव्ह बनवणारी कंपनी, त्यांना रोज दिसत होतं की गिऱ्हाईक नुसती मोटर मागत नाही, मोटरनं अमुक ठिकाणी जाऊन बरोबर थांबावं असं मागतं. कंपनीनं नावाचा ट्रेडमार्क घेतला होता आणि ८० च्या दशकात तो हक्क सोडून दिला, त्यानंतर नाव सगळ्यांचं झालं. नाहीतर आज कॉलेजांना ब्रँचचं नाव लावायला जपानला पत्र लिहावं लागलं असतं.

म्हणजे त्याच्या आधी असं काही नव्हतंच?

होतं की! नाव नव्हतं फक्त. जेम्स वॉटनं १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनला दोन गोळ्यांचा गव्हर्नर लावला, वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यानं वाफेचा व्हॉल्व्ह थोडा मिटतो, वेग परत खाली. सेन्सर, कंट्रोलर, व्हॉल्व्ह सगळं आहे त्यात, फक्त एकही वायर नाही. गंमत म्हणजे हे गव्हर्नर कधीकधी पिसाळायचे, वेग वरखाली वरखाली होत राहायचा, आणि असं का होतं याचं गणित मांडायला १८६८ उजाडलं, ते मांडलं जेम्स क्लर्क मॅक्सवेलनं, तोच तो विद्युतचुंबकाच्या समीकरणांचा मॅक्सवेल. म्हणजे फिटरनं आधी बनवलं, ८० वर्षांनी फिजिक्सवाल्यानं समजावून सांगितलं. या विषयात हे कायम असंच होत आलंय.

पुढे १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीनं एका मिलिंग मशीनला व्हॅक्यूम ट्यूबचं कंट्रोल लावून पंच टेपवर चालवून दाखवलं. मूळ कल्पना जॉन पार्सन्स या कारखानदाराची, त्याला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार बरोबर काढायचे होते आणि हातानं ते जमत नव्हतं. तिथून एनसी, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारी मशीन, मग कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट लागला, काम काय तर डाय कास्टिंगमधून गरम पार्ट बाहेर काढणं. म्हणजे मोरींनी नाव ठेवलं तेव्हा बाळ चांगलं पळायला लागलं होतं.

मग नेमकं ७० च्या दशकातच का हे सगळं एकत्र आलं?

सगळे सांगतात मायक्रोप्रोसेसर आला म्हणून, १९७१ चा इंटेल ४००४, साधारण २,३०० ट्रान्झिस्टर, मुळात एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीसाठी बनवलेला. ते खरंच आहे, मेंदू स्वस्त आणि लहान झाला की तो यंत्राच्या आत बसवता येतो. पण मला विचाराल तर त्याहून मोठी गोष्ट पीएलसीची आहे, आणि ती कॉलेजात कोणी नीट सांगत नाही.

त्या काळी मोटारींच्या कारखान्यात कंट्रोल म्हणजे भिंतभर रिलेचं, विजेनं उघडझाप होणाऱ्या स्विचांचं, पॅनल. मॉडेल बदललं की वायरिंग उचकटायचं आणि नव्यानं करायचं, हजारो वायरी, त्यात एक कॉन्टॅक्ट कार्बन धरून बसला की शोधत बसा. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागानं सांगितलं की आम्हाला असं काहीतरी द्या जे वायर न बदलता बदलता येईल. डिक मॉर्ली आणि त्याच्या मंडळींनी जो पीएलसी दिला त्याचं नाव मॉडिकॉन ०८४, कारण तो त्यांच्या फर्मचा ८४ वा प्रोजेक्ट होता. आता यात हुशारी कुठे आहे बघा. त्यांना कॉम्प्युटरची भाषा देता आली असती पण ती दिली नाही, त्यांनी प्रोग्राम लॅडर डायग्रामसारखा लिहायला दिला, म्हणजे इलेक्ट्रिशियन जे रिलेचं ड्रॉइंग २० वर्षं वाचत होता तेच चित्र, तेच नॉर्मली ओपन नि नॉर्मली क्लोज, फक्त आता ते कागदावर नाही मेमरीत. त्यामुळे वायरमन एका रात्रीत कॉम्प्युटरवाला झाला, आणि त्याला ते कळलंही नाही. दोन विषय असे जवळ येतात. कोणीतरी असं चित्र काढावं लागतं जे दोघांनाही वाचता येईल, नुसतं एका खोलीत बसवून काही होत नाही.

मेकॅनिकल अधिक इलेक्ट्रॉनिक्स अधिक कॉम्प्युटर, एवढंच ना?

नाही. आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण सगळा घोळ याच समजुतीतून होतो.

अंबडच्याच एका युनिटमधली गोष्ट, नाव नको. ड्रिलिंग-रीमिंगचं एसपीएम, स्लाइड सर्वोवर, म्हणजे सांगितल्या जागी थांबणाऱ्या मोटरवर, चालणारी, आणि स्लाइड सरकवणारा बॉलस्क्रू साधारण ६०० मिलिमीटर. सकाळचे पीस एकदम ओके, साडेअकरा-बारानंतर दोन भोकांमधलं अंतर सरकायला लागायचं, ६०-७० मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, होती ५० ची. तीन दिवस हे चाललं होतं. मेकॅनिकल मेंटेनन्सचे साहेब म्हणत ड्राइव्हचा प्रॉब्लेम आहे, पोझिशन चुकतीये. इलेक्ट्रिकलवाले लॅपटॉप लावून दाखवत की बघा ड्राइव्ह बरोबर सांगतोय, एरर शून्य, तुमचा स्क्रू झिजलाय. स्क्रूला डायल लावला तर बॅकलॅश, म्हणजे झिजेमुळे येणारी ढिलाई, काहीच नाही. दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत.

किल्ली दिली ती ऑपरेटर मामांनी. ते म्हणाले, "साहेब, जेवणाच्या सुट्टीनंतर पहिले पाच-सात पीस परत चांगले येतात बघा." झालं! मी नटच्या हाउसिंगवर हात ठेवला तर चांगलंच गरम. पोलाद दर मीटरला दर डिग्रीला साधारण १२ मायक्रॉन वाढतं, ६०० मिलिमीटरला १० डिग्री वाढ धरली की ७२ मायक्रॉन, हिशेब तिथेच संपला. आणि ड्राइव्ह शून्य एरर का दाखवत होता? कारण एन्कोडर मोटरच्या शेपटीला असतो, तो मोटर किती फिरली ते मोजतो, स्लाइड कुठे आहे हे त्याला माहीतच नाही. मोटर बरोबर तेवढीच फिरत होती, फक्त स्क्रू लांब झाला होता.

आता याचा इलाज कुठल्या खात्याचा? स्लाइडची जागा थेट मोजणारी लिनिअर स्केल बसवली असती तर सुटलं असतं पण ती महाग आणि कूलंटमध्ये जपावी लागते, स्क्रूला आधीच ताण देऊन बसवला असता तर बरंच कमी झालं असतं पण ते डिझाइनच्या वेळी करायला हवं होतं. आम्ही शेवटी बेअरिंग हाउसिंगवर तापमानाचा सेन्सर लावला आणि पीएलसीत सहा-सात ओळी लिहिल्या की इतकं तापलं तर टार्गेट इतकं मागे घे. मेकॅनिकल साहेबांना पोलाद वाढतं हे माहीत होतं पण प्रोग्राममधून टार्गेट हलवता येतं हे डोक्यात आलं नाही, इलेक्ट्रिकलवाल्या पोराला टार्गेट हलवता येत होतं पण पोलाद किती वाढतं हे माहीत नव्हतं. एकाच टेबलावर दोघं तीन दिवस चहा पीत होते.

दुसरं छोटं उदाहरण. मोटर आणि लोड यांच्यामध्ये पाचास एक असा गिअरबॉक्स घातला की मोटरला जाणवणारं लोडचं जडत्व पाचपट नाही, पंचवीसपट कमी होतं, वर्ग होतो त्याचा. म्हणजे गिअर निवडणारा मेकॅनिकल माणूस नकळत कंट्रोलवाल्याचं ट्यूनिंग ठरवत असतो. आणि फ्रेम लुसलुशीत बनवली तर गेन, म्हणजे चूक दिसली की ती किती जोरात सुधारायची ते, वाढवला की मशीन गुणगुणायला लागतं, मग कंट्रोलवाला कितीही हुशार असो त्याला हळूच चालवावं लागतं. इथे बेरीज चालत नाही, एकाचा निर्णय दुसऱ्याच्या पोटात शिरतो. लोक मिसळीचं उदाहरण देतात, मला ते पटत नाही, मिसळीतून फरसाण वेगळं काढून खाता येतं. हे दुधाला विरजण लावण्यासारखं आहे, एकदा लागलं की दूध परत मागू नका.

नवीन ब्रँच जन्माला कशी येते? कोण ठरवतं?

कोणी ठरवत नाही, आधी कामं पडतात आणि मग त्याला नाव मिळतं. केमिकल इंजिनिअरिंग बघा, ती सगळ्यात छान गोष्ट आहे. आधी कारखान्यात एक केमिस्ट असायचा आणि एक मेकॅनिकलवाला, दोघांचं जमलं तर जमलं. १८८७ मध्ये जॉर्ज डेव्हिसनं मँचेस्टरला व्याख्यानं दिली, १८८८ मध्ये एमआयटीनं कोर्स काढला, तरी तो बराच काळ दोन विषयांची मोळीच होता. खरा कणा आला १९१५ मध्ये, आर्थर लिटलनं युनिट ऑपरेशन ही कल्पना मांडली तेव्हा. म्हणजे साखर बनवा, तेल काढा, आपल्याकडे द्राक्षाची वाइन करा, प्रत्येक ठिकाणी उकळणं, गाळणं, वाळवणं, थंड करणं हीच कामं आलटून पालटून येतात, तर प्रॉडक्ट शिकवू नका, ही कामं शिकवा. त्या दिवशी केमिकलला स्वतःचं असं काहीतरी मिळालं जे केमिस्टकडेही नव्हतं आणि मेकॅनिकलवाल्याकडेही नव्हतं.

उलट पण होतं. अमेरिकेत पॉवरवाल्यांची संस्था १८८४ पासूनची, रेडिओवाल्यांची १९१२ पासूनची, दोघं वेगवेगळे मिरवायचे आणि १९६३ मध्ये एकत्र येऊन आयईईई झाली, कारण मधली भिंत ट्रान्झिस्टरनं पाडून टाकली होती.

मेकॅट्रॉनिक्स या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आहे. १९९६ मध्ये आयईईई आणि एएसएमई, म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांची आणि मेकॅनिकलवाल्यांची संस्था, दोघांनी मिळून मेकॅट्रॉनिक्सचं संशोधन छापायला जर्नल सुरू केलं. जर्मनीत २००४ मध्ये व्हीडीआय २२०६ नावाची मार्गदर्शक पद्धत आली, त्यात व्ही आकाराचं चित्र आहे, डावीकडून खाली उतरताना काम तोडत तोडत जायचं, तळाला तिन्ही विषयांची माणसं आपापलं करणार आणि उजवीकडून वर चढताना परत जोडायचं आणि जोडताना प्रत्येक पायरीला टेस्ट. २०२१ मध्ये ती परत सुधारली. पण केमिकलसारखं युनिट ऑपरेशन मेकॅट्रॉनिक्सकडे आहे का, यावर मास्तर लोक अजून वाद घालतात. माझं मत विचाराल तर आहे, ते म्हणजे लूप. मोजा, विचार करा, हलवा, परत मोजा. जो इंजिनिअर प्रत्येक मशीनमध्ये आधी हा लूप शोधतो तो या ब्रँचचा, त्याच्या डिग्रीवर काय लिहिलंय ते राहू द्या.

नाशिकचा याच्याशी काय संबंध? हे तर पुणे-चेन्नईवाल्यांचं काम.

असं म्हणणाऱ्याला मी मायको सर्कलला उभं करतो. सर्कलचं नाव मायकोवरून, म्हणजे आताची बॉश, सातपूरला डिझेलचे नोझल नि इंजेक्टर बनवणारी. नाशिकच्या एका अख्ख्या पिढीनं मायक्रॉन म्हणजे काय ते असल्या कामातून शिकलंय, नोझलमधली सुई आणि तिचं घर यात दोन-चार मायक्रॉनची जागा, केसाच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढी.

जुन्या डिझेल पंपात सगळं यांत्रिक. कॅम फिरला की दाब, दाब झाला की फवारा, किती आणि कधी ते कॅमच्या आकारानं आणि गव्हर्नरच्या वजनांनी ठरायचं, वॉटच्या गोळ्यांचेच नातू ते. मग कॉमन रेल आलं, पॅसेंजर कारमध्ये १९९७ पासून. त्यात दाब तयार करणं आणि फवारा सोडणं ही दोन कामं वेगळी केली, एका नळीत दीड-दोन हजार बार दाब कायम तयार ठेवायचा आणि इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडायचा, एका स्ट्रोकमध्ये आधी थोडंसं, मग मुख्य, मग परत थोडं. त्यामुळे आवाज कमी, धूर कमी. गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागले, ते निव्वळ यांत्रिक पंपावर पाळणं शक्यच नव्हतं. पण सुईची ती दोन-चार मायक्रॉनची जागा? ती तशीच आहे, उलट दाब वाढल्यामुळे जास्त अवघड झालीये. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आलं म्हणून मेकॅनिकल गेलं नाही, त्याची परीक्षा कडक झाली. आपल्याकडे लोक हे उलटं समजतात.

ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत आधी मिग बनायची, नंतर सुखोई-३०. सुखोईत पायलटची दांडी आणि मागचे पंख यात फ्लाय-बाय-वायर आहे, पायलट सांगतो काय पाहिजे आणि पंख किती हलवायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. त्याला कोणी मेकॅट्रॉनिक्स म्हणत नाही, विमानवाल्यांचं आपलं वेगळं खातं. घरी चालत आलेली तीच गोष्ट म्हणजे तुमची दुचाकी, २०२० नंतर बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे सिडको असो की पंचवटी, गॅरेजवाल्याकडे पाना आणि स्कॅनर शेजारी शेजारी लटकलेले दिसतात.

द्राक्षबागेत पण हे चालतं का?

ड्रिपमध्ये चांगलं चालतं. ओलाव्याचा सेन्सर, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, खताची मात्रा मोजून सोडणारा पंप, हा पूर्ण लूप आहे आणि दिंडोरी-निफाडकडे बरेच बागायतदार तो वापरतात. फक्त सेन्सर एकाच जागी पुरून अख्ख्या प्लॉटचं पाणी ठरवू नका, जमीन जागोजागी बदलते.

द्राक्ष काढणी मात्र रोबोटला जड जाते. एक घड दुसऱ्यासारखा नसतो, देठ पानाआड, आणि मण्यावरची ती पांढरी लव पुसली तर एक्स्पोर्टला मालाचा दर्जा उतरतो. आमच्या सर्वोला ५ मायक्रॉन जमतं पण एका आजींच्या बोटांना जे कळतं ते नाही जमत. कांद्याची साइजप्रमाणे प्रतवारी त्यामानानं सोपी, कांदा दणकट आहे आणि गोल आहे.

मेकॅट्रॉनिक्स, रोबोटिक्स, ऑटोमेशन, इन्स्ट्रुमेंटेशन यात फरक काय?

सोप्यात सांगतो, सीमारेषा पक्क्या नाहीत. इन्स्ट्रुमेंटेशनवाला प्रोसेस प्लांटमधला, दाब, तापमान, फ्लो. ऑटोमेशनवाला लाइन चालवतो, पीएलसी, आणि सगळी लाइन स्क्रीनवर दाखवणारं स्काडा. रोबोटिक्सवाला हालचालीच्या गणितात आणि कॅमेऱ्यात जास्त. मेकॅट्रॉनिक्सवाल्यानं यंत्रच असं बनवायचं की बाकीच्यांचं काम सोपं होईल. नोकरीच्या जाहिरातीत मात्र मेंटेनन्स इंजिनिअर लिहिलेलं असतं आणि चौघांनाही तेच करावं लागतं.

आणि हे सायबर-फिजिकल, इंडस्ट्री ४.० काय नवीन?

नवीन कमी, नावं जास्त. सायबर-फिजिकल हा शब्द २००६ च्या आसपास अमेरिकेतून आला, कॉम्प्युटरवाल्यांच्या बाजूनं. इंडस्ट्री ४.० जर्मनीतल्या हानोव्हरच्या जत्रेत २०११ मध्ये जाहीर झालं. जुन्या मेकॅट्रॉनिक्समध्ये लूप एका मशीनच्या आत होता, आता तो मशीनच्या बाहेर नेटवर्कवर गेलाय, हा खरा बदल. १९८६ मध्ये बॉशनं गाड्यांसाठी कॅन बस नावाची वायरिंगची पद्धत आणली तेव्हाच याची सुरुवात झाली होती, ब्रेकच्या एबीएसनं इंजिनशी बोलायचं, इंजिननं गिअरबॉक्सशी, दोन वायरींवर सगळ्यांच्या गप्पा. प्रत्येक नव्या लाटेत गंमत अशी की ज्या बाजूचे लोक नाव ठेवतात त्यांना वाटतं बाकीचे आपल्यात आले. मेकॅनिकलवाले म्हणतात आम्ही कोडिंग घेतलं, कोडिंगवाले म्हणतात आम्ही मशीन घेतलं.

सगळ्यातलं थोडं थोडं शिकून "एक ना धड भाराभर चिंध्या" होणार नाही का?

होतं, आणि भीती खरी आहे. मी असे इंटरव्ह्यू घेतलेत की पोराच्या बायोडेटात १४ सॉफ्टवेअर, आणि कपलिंग कशासाठी असतं विचारलं तर वरती फॅनकडे बघतो. पण याला उपाय ब्रँच बदलणं नाही. एक पाय घट्ट रोवायचा, ड्रॉइंग असेल, इलेक्ट्रॉनिक्स असेल किंवा कंट्रोल, जे आवडतं ते, आणि दुसऱ्या दोघांशी त्यांच्या भाषेत भांडता येईल इतकं शिकायचं. बोलता येईल इतकं नाही म्हणत मी, भांडता येईल इतकं.

मग मुलाला मेकॅट्रॉनिक्स द्यावं की मेकॅनिकल?

कॉलेजमध्ये लॅब जाऊन बघा. सर्वो, पीएलसी, न्यूमॅटिकचे ट्रेनर प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकलेले असतील आणि कव्हरवर धूळ असेल तर नाव काहीही असो, घेऊ नका. शिकवणारे दोन खात्यांतून उसने आणलेत का तेही विचारा. चांगल्या कॉलेजचं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स हे वाईट कॉलेजच्या मेकॅट्रॉनिक्सपेक्षा कधीही बरं. आणि सरकारी नोकरीचा विचार असेल तर जाहिरातीत ब्रँचची नावं कशी लिहितात ते आधी बघून घ्या, नव्या नावाच्या ब्रँचला समकक्ष आहे हे सिद्ध करत बसावं लागू शकतं.

गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, मेकॅट्रॉनिक्सचा पेपर असतो का?

वेगळा नाही. पोरं मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरला बसतात.

मुलींसाठी बरी आहे का ही ब्रँच?

हा प्रश्न मुलांसाठी कोणी विचारत नाही. हो, बरी आहे. आमच्याकडचं सगळ्यात नीट पॅनल वायरिंग करणारी आणि ड्रॉइंग अपडेट ठेवणारी एक मुलगीच आहे, सिन्नरहून येते.

आयटीआय-डिप्लोमावाल्यांचं काय?

खरं तर त्यांचंच आहे हे. जर्मनीत १९९८ मध्ये मेकॅट्रॉनिकर नावाचा साडेतीन वर्षांचा अप्रेंटिस ट्रेड सुरू झाला, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन्ही एकात. २००३ मध्ये गाड्यांच्या गॅरेजमधले मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन हे दोन ट्रेडही असेच एक केले. वर्ल्डस्किल्स या हातच्या कौशल्यांच्या जागतिक स्पर्धेत मेकॅट्रॉनिक्स दोघांच्या जोडीनं खेळतात, एकट्यानं नाही, ज्यानं कोणी हा नियम केला त्याला शॉपफ्लोअर माहीत होतं. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी फिटर पॅनलचं दार उघडत नाही आणि वायरमन पान्याला हात लावत नाही, मशीन तोवर उभं. यात सिलॅबसचा दोष कमी आणि आपल्या मानापमानाचा जास्त.

हे नाव पुढे राहील का?

नाव जाईल असं मला वाटतं. जे सगळीकडे असतं त्याला वेगळं नाव लागत नाही, आता कोणी "विजेवर चालणारा कारखाना" म्हणतं का? पण तोपर्यंत तीन दिवस चहा पिणारी ती दोन माणसं आहेतच, त्यामुळे आमचा धंदा सध्या सुखरूप आहे.

घरी सुरुवात कशानं करू? किट घेऊ का?

किट नको. भंगारवाल्याकडून जुना इंकजेट प्रिंटर आणा, शे-दोनशेत मिळतो. आत डोकं सरकवणारी डीसी मोटर असते, पट्टा असतो, आणि एक पारदर्शक पट्टी असते जिच्यावर बारीक काळ्या रेघा आहेत. नीट बघा, भिंगाखाली धरा, तो एन्कोडर आहे, आणि मोटरवर नाही, थेट डोक्याच्या वाटेवर लावलाय, म्हणजे आमच्या त्या एसपीएमला जे परवडलं नाही ते या भंगारात आहे. काही मॉडेलमध्ये पट्टीऐवजी स्टेपर मोटर निघते, मग दुसरा प्रिंटर शोधा.

आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि छोटा मोटर ड्रायव्हर लावा, रेघा मोजा, आणि डोक्याला सांगा की १० सेंटिमीटरवर जाऊन थांब. पहिल्यांदा ते धाडकन पुढे जाईल, मागे येईल, परत पुढे, थरथरत राहील. गेन कमी केला तर थरथर जाईल पण १० च्या अलीकडेच दम सोडेल, कारण पट्ट्याचं आणि डोकं ज्या रॉडवरून सरकतं त्याचं घर्षण. मग रॉडला एक थेंब मशीन ऑइल टाका, कोडला हात न लावता, आणि परत चालवून बघा काय होतं ते.

आईला विचारून तेल घ्या, शिवणाच्या मशीनचं चालतं. खोबरेल टाकू नका, आमच्याकडच्या एका पोरानं टाकलं होतं, थंडीत सकाळी गोठून बसलं.